न बोचलेला खिळा

एकदा एक म्हातारा वैद्य, आपल्याला शाल पांघरवायला आलेल्या माणसाच्या पायाशी गुडघे टेकून बसला. जमलेली माणसे आधी हसली. मग मागे सरकली. त्या दिवशी वैद्याच्या शिष्याच्या हातातून पाण्याचा तांब्या पडला, आणि त्याच्या मनातला अहंकारही तिथेच गळून पडला.

हा वैद्य डोंगराच्या पायथ्याशी राहत असे. सगळे त्याला आबा म्हणत. आबांच्या कुंपणावर गुडमारची वेल चढलेली होती. या वेलीचे पान दिसायला साधे. पण ते चावले की जिभेवरची गोडी मरते. मग तोंडात साखर टाकली तर वाळू टाकल्यासारखी लागते. काही वेळाने जीभ पुन्हा ताळ्यावर येते. साखरेच्या रोगाची माणसे या पानासाठी लांबून येत.

आबांची रीत ठरलेली होती. रोग्याने स्वतः यायचे. ओट्यावर बसायचे. आबा आधी विचारत, "दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत?" चालू नसतील तर पान मिळत नसे. चालू असतील तर समोर बसवून पान चावायला लावत, मग जिभेवर साखरेची चिमूट ठेवत.

"काय लागतं?"

"वाळू, आबा."

"ध्यानात ठेव. जा."

एवढेच. कुणी म्हणाले की पाला बांधून द्या, घरी खाईन, तर आबा म्हणत, "पाला शेळीला बांधून देतात."

सिद्राम हा त्यांचा शिष्य. हुशार होता, हाताला चपळ होता. कुठल्या झाडाचे पान कधी तोडावे, सावलीत वाळवावे की उन्हात, हे त्याला चांगले कळत होते. पण आबांची ही रीत त्याला पटत नव्हती. एकेका माणसाला एकेक पान चघळायला द्यायचे, याला काय वैद्यकी म्हणायची? पानांचा अर्क काढला तर टोपलीभर पाल्याचे बळ एका पेल्यात उतरेल. साखरेला गुडमार, रक्तातल्या चरबीला शेवग्याचा पाला आणि कढीपत्ता. बाटल्या भरून पेठेत पाठवाव्यात. रोगी बरे होतील आणि आबांचे नावही होईल. आपले होईल, हे तो मनातल्या मनातही उच्चारत नसे.

एकदा त्याने हे आबांना बोलून दाखवले.

आबा म्हणाले, "एवढं बळ कुणाला पाहिजे? रोग्याला का तुला?"

 म्हातारपणी माणूस भित्रा होतो, असे सिद्रामने ठरवून टाकले.

सिद्रामला त्याच्या मामांनी वाढवले होते. बाप लहानपणी गेला. मामांनी त्याला आपल्या पोरांबरोबर एका ताटात जेवू घातले, आणि वैद्यकी शिकायची म्हणाला तेव्हा स्वतः आबांच्या दारात आणून सोडले. मामांचे नाव विरुपाक्ष शेठ. गुळाच्या पेठेतले जुने व्यापारी. त्यांची जीभ पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. सौद्याच्या वेळी ढेपेचा बारीक खडा काढून जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे: "जमीन खारवट आहे. चुना हात सैल सोडून घातलाय. रस शिळा होता." गूळ करणारा मान खाली घाली. शेठ बोलतील तो भाव. या जिभेवर त्यांची पेढी उभी होती, आणि त्याहून त्यांचा मान.

अशा माणसाला साखरेचा रोग जडला. रक्तात चरबीही निघाली. दवाखान्याने गोळ्या दिल्या. रात्री पायांची आग व्हायची. मामी ओले फडके गुंडाळून बसायच्या. शेवटी शेठ आबांकडे आले. पान चावले. साखर वाळू लागली. ते ध्यानात ठेवायचे सोडून शेठ तसेच सौद्याला गेले.

तिथे फजिती झाली. खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि काहीच कळेना. न कळणे कबूल करायचे शेठना ठाऊक नव्हते. त्यांनी सर्वांत हलक्या गुळाला सर्वांत वरचा भाव दिला.

"शेठ, आज जीभ घरी ठेवून आलाय जणू!" एक अडत्या ओरडला. अख्खी पेठ हसली.

शेठ पुन्हा आबांकडे गेले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी सिद्रामला बोलावून घेतले.

"भाच्या, पानाचा गुण पोटात जाऊ दे. जिभेला शिवता कामा नये. असं काही जमतं का बघ."

"जमतं की मामा."

"आबांना कळू देऊ नको हां. म्हातारं उगंच काहीतरी बोलंल."

सिद्रामला हीच संधी हवी होती. मामांच्या परसात त्याने चूल मांडली. पाला कुटला, उकळला, गाळला, पुन्हा आटवला. काळपट हिरवा, जहर कडू अर्क झाला. आता जीभ चुकवायची कशी? पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. सिद्रामने त्याची नळी केली. नळीचे टोक पडजिभेपाशी धरायचे आणि अर्क ओढून एकदम गिळायचा. जिभेला थेंबही लागत नसे. मामांनी अर्क घेतला, चूळ भरली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कळतंय रे! भेंडीचा चीक घालून मळी काढलीय. सगळं कळतंय!"

मामा-भाचे पोट धरून हसले. मामी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "औषध घ्यायचं आणि वर गूळ खायचा. मग औषध कशाला?"

"खातोय कुठं? चाखतोय," शेठ म्हणाले.

चाखणे चालू राहिले. आधी सौद्यापुरते होते. मग अर्क आहेच म्हणून जेवणानंतर चालू झाले. पहिल्या महिन्यात रक्त तपासले तेव्हा साखर उतरलेली होती. त्या महिन्यात गोळ्याही चालू होत्या, पण घरात कुणी त्यांचे नाव काढले नाही. श्रेय अर्काने घेतले.

"गोळ्या चालू ठेवू का रे?" मामांनी एक दिवस विचारले.

"एवढ्या लागतात कशाला?" सिद्राम म्हणाला.

त्याने 'थांबवा' म्हटले नव्हते. ही गोष्ट तो पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिला.

शेठनी गोळ्या सोडल्या. तपासणीही सोडली, बऱ्या माणसाने कशाला तपासायचे? काही काळाने एक नवल घडले. पायांची आग थांबली. मामींची फडकी वाळत पडली. शेठ रात्री गाढ झोपू लागले. पेठेत बोलबाला झाला. अडते, हमाल, भट्टीवाले सिद्रामला वाटेत अडवून अर्क मागू लागले. सिद्राम चालताना मान जरा ताठ ठेवू लागला.

आणि मग शेठनीच ठरवले की आता लपवायचे कशाला? शिष्याचा मान तो गुरूचा मान. एका सकाळी चार माणसे बरोबर घेऊन, शाल-श्रीफळ घेऊन ते आबांच्या ओट्यावर आले. अंगात कोट, पायात नवे काळे बूट. सिद्राम पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आला.  आबा काय म्हणतील? रागावतील. पण गुण पाहिल्यावर किती रागावणार?

शेठनी सगळे सांगितले. अर्क, नळी, जिभेची युक्ती. बरोबरची माणसे माना डोलवत होती.

आबा शांतपणे ऐकत होते. मध्येच त्यांनी नाकपुड्या फुलवून वास घेतला.

"पायाची आग होती म्हणे?"

"होती. आता नाव नाही! बर्फासारखे गार झालेत. चपला पायातून कधी निसटतात, पत्ता लागत नाही बघा. गेल्या महिन्यात बाजारातून एका चपलेवर घरी आलो. ही हसली मला. म्हणून तर हे बूट घेतले."

माणसे हसली. आबा हसले नाहीत. ते ओट्यावरून खाली उतरले. शेठनी अंगावर अर्धी टाकलेली शाल घसरून मातीत पडली. तिच्याकडे न बघता ते शेठच्या पायाशी गुडघे टेकून बसले.

"आबा! आबा, हे काय? तुम्ही माझ्या पायाशी? पाप लागंल मला."

"बोलत राहा," आबांनी त्यांना ओट्याच्या कडेला बसवत म्हटले. "यंदा गुळाचा भाव काय फुटला?"

आता शेठना भावाचे विचारल्यावर दुसरे काही सुचत नसे. ते सांगू लागले. यंदा थंडी लवकर पडली, उसाला उतारा चांगला, भट्टीवाले माजलेत. ते सांगत होते आणि आबा खाली बुटाची नाडी सोडत होते. बूट निघाला. मोजा तळव्याला चिकटला होता. आबांनी पाणी मागितले, मोजा भिजवला आणि हलक्या हाताने सोलून काढला. दुर्गंधी सुटली. पुढची माणसे मागे सरकली. आबांनी तळवा वर करून चिमटीत काहीतरी धरले आणि ओढले.

शेठ अजून सांगत होते. "...आणि त्या अडत्याला म्हटलं, गड्या, रंगावर जाऊ नको, रंग काय, पावडर घालून कुणीही..."

"शेठ, दुखलं?"

"काय?"

आबांनी हात वर केला. बोटांत बुटाचा खिळा होता. अर्धा गंजलेला, अर्धा पुवाने माखलेला. तळव्यात काळे भोक पडले होते आणि त्याच्या भोवतीचे मांस कुजले होते. कधीपासून ते पाऊल या खिळ्यावर चालत होते, कुणास ठाऊक. पायाचा धनी त्यावर उभा राहून स्वतःला आलेला गुण सांगत होता.

तांब्या पडला तो तेव्हा.

सिद्राम भानावर आला तो कुंपणाकडे धावतच. जखमेवर बांधायला पाला ओरबाडू लागला.

"पाल्याला हात लावलास तर हात मोडीन," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "गाडी काढ. दवाखाना."

"उद्या सौदा आहे हो," शेठ म्हणाले. ते अजून आपल्या पायाकडे दुसऱ्याच्या पायाकडे बघावे तसे बघत होते. "सौदा उरकून जाऊ. दुखत तर नाही."

"दुखत नाही म्हणूनच आज जायचं."

पाय वाचला नाही. विष वर चढले होते. गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर तरुण होता, चिडलेला होता. खाटेपाशी उभा राहून त्याने विचारले, "गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

सिद्राम खाटेच्या पलीकडे उभा होता. मामांनी त्याच्याकडे बघितले. फार वेळ नाही. नुसते बघितले.

"कुणी नाही," मामा म्हणाले. "माझं मीच."

सिद्रामने तोंड उघडले. शब्द आला नाही. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. बोलण्याची वेळ एवढीच असते, आणि ती निघून गेली.

मामी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सिद्रामला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "त्यांना जीभ राखायची होती. राखलीस बाबा."

तो डोंगराकडे परतला तेव्हा आबा कुंपणाशी वेलीला आधार बांधत होते. सिद्राम त्यांच्या मागे उभा राहिला.

"आबा, अर्क खोटा होता का?"

आबांनी गाठ मारली, ओढून बघितली आणि मग वळले.

"मला काय ठाऊक? असेल थोडी साखर उतरवत, थोडी चरबी झडवत. पानात काहीतरी आहे, म्हणून तर वेल राखलीय. पण तू मोजलंस का? एकदा मोजलंस, तेसुद्धा गोळ्या चालू असताना. गोळीनं केलेलं काम अर्काच्या नावावर चढवलंस आणि गोळीलाच घराबाहेर काढलंस."

"पण आग थांबली होती. मला वाटलं, गुण आला."

"ऐक." आबांनी वेलीचे एक पान तोडून हातात धरले. "हे पान साखर मारत नाही. जीभ मारतं. साखर तोंडात असते तशीच असते, फक्त जीभ सांगायची थांबते. तेवढ्या वेळात माणसाला कळावं, की ज्याच्यासाठी जीव टाकतो ते जिभेवरून काढलं तर निव्वळ वाळू आहे. म्हणून मी पान चावायला लावतो. तू जिभेला चुकवून पान पोटात घातलंस. म्हणजे त्यातलं शहाणपण तेवढं गाळून टाकलंस आणि चोथ्याला अर्क म्हणालास."

सिद्राम त्या पानाकडे बघत राहिला.

"आणि हा रोगसुद्धा तेच करतो रे. तो पायाची जीभ मारतो. आग होत होती तोवर पाय ओरडत होता. ओरडून ओरडून मेला, तेव्हा गप्प झाला. त्या गप्प बसण्याला तू गुण म्हणालास, पेठेनं म्हटलं, आणि मामा शाल घेऊन माझ्या दारात आला. कळत नाही म्हणजे नाही, असं नसतं. पान इथंच येऊन खायचं, हा नियम काय पानासाठी होता? पान कुठंही खाल्लं तरी पानच. माणूस डोळ्यांसमोर यावा, म्हणून नियम. बाटलीला पाय नसतात. बाटली भरून दिलीस तेव्हा तू मामाचे पाय बघायचे सोडलेस."

"मला घालवून द्या, आबा."

"घालवून दिलं तर जाशील कुठं? पेठेत. तिथं तुझ्या दाराला रांग लागेल. त्यापेक्षा इथं बस."

आबांचे बोलणे खरे ठरायला वेळ लागला नाही. मामांचा पाय गेल्यावर अर्काचे नाव बुडेल, असे सिद्रामला वाटले होते. झाले उलटेच. पेठेत गोष्ट फिरली ती अशी: एवढा मोठा खिळा पायात शिरला तरी शेठना कळले नाही, असा जबर अर्क! पाय गेला तो दवाखान्याने कापला म्हणून. माणसे डोंगर चढून येऊ लागली. पाठदुखीची आली, दाढदुखीची आली. सिद्राम त्यांना हात जोडी, घडलेले सांगे. ती म्हणत, "ते असू द्या. आम्हाला थोडाच द्या." एकाने तर डोळा मिचकावला. "भाचा आहेस, मामाला सांभाळून घेतोयस. समजतंय आम्हाला."

खोटे त्याने काही महिन्यांत पसरवले होते. खरे सांगायला जन्म पुरतो की नाही, असे त्याला वाटू लागले.

मामा पुन्हा सौद्याला जाऊ लागले. कुबड्या घेऊन. अडते आदराने जागा देत. गोळ्या पुन्हा चालू झाल्या होत्या आणि मामी पदराला बांधून त्या वेळेवर देत. गुळाचा खडा ते जिभेवर ठेवत, चव सांगत, आणि आता थुंकून टाकत. जीभ पहिल्यासारखीच तेज होती. भाचा भेटायला गेला की ते त्याची चौकशी करत, जेवून जा म्हणत, पण दवाखान्यातल्या त्या क्षणाविषयी कधी बोलत नसत. सिद्रामही बोलला नाही. मामांनी झाकलेले उघडे करायचे धैर्य त्याला झाले नाही, आणि झाकलेले सहनही होईना.

पुढे आबांचे डोळे मंदावले. ओट्यावर सिद्राम बसू लागला. रीत आबांचीच. स्वतः यायचे, गोळ्या चालू असल्या पाहिजेत, तपासणीचा कागद दाखवला पाहिजे. त्यात सिद्रामने आपली एक गोष्ट घातली. दवाखान्यातल्या त्या चिडक्या डॉक्टरकडे जाऊन त्याने ती मान खाली घालून शिकून घेतली होती.

एक दिवस एक गृहस्थ आले. शाळेतून निवृत्त झालेले, बोलके, हसरे.

"गोळ्या चालू आहेत, कागद आणलाय," ते म्हणाले. "पायाची थोडी आग व्हायची, तीही आता नाही. पान तेवढं द्या."

"पाय वर घ्या, काका. डोळे मिटा. मी बोटांना कोंबडीचं पीस लावतो. लागलं की 'हं' म्हणा."

"अहो, साखर माझ्या रक्तात, आणि तुम्ही गुदगुल्या कसल्या करताय?" गृहस्थ हसले. पण पाय वर घेऊन त्यांनी डोळे मिटले.

सिद्राम वाकला. उजव्या अंगठ्यापासून सुरुवात केली. मग पुढची बोटे. मग तळवा. मग दुसरा पाय. पीस थांबवून त्याने गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहरा प्रसन्न होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून पीस फिरवले, या वेळी जरा दाबून. मागे आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांना दिसत नव्हते, पण ते कान देऊन होते.

"अहो वैद्य," मिटल्या डोळ्यांनी गृहस्थ म्हणाले, "कधीचा बसलोय मी. सुरू करा की."

सिद्रामने पीस खाली ठेवले.

"झालं, काका," तो म्हणाला. "उठा. मी बरोबर येतो. आपल्याला आत्ता दवाखान्यात जायचंय."